आकड्याखालची अक्षरं

सोबत्याने तोंड उघडलं की परीक्षा संपली, असा नियम होता. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर तो ठळक अक्षरांत लावला होता आणि त्याच्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'घरीही लागू करा.'

पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला गाडीचा परवाना चालू ठेवायचा तर रस्त्यावर पुन्हा परीक्षा द्यावी लागे. धीर द्यायला घरचं एक माणूस मागच्या सीटवर बसवता येई. मात्र धीर द्यायचा तो गप्प बसून. शब्द निघाला की उमेदवार नापास आणि पुढची तारीख थेट वर्षाने. ज्याने हा नियम केला त्याची बायको मागे बसत असणार.

बाबांनी सोबतीला सून निवडली होती. मुलगा समोर उभा असताना.

"मी येतो ना," मुलगा म्हणाला होता.

"तू नको. तू खोकून खोकून मला नापास करशील."

मुलगा विमा कंपनीत जोखीम विभागात अधिकारी होता. कुठल्या वयाचा माणूस कुठे आणि कसा पडेल याचे तो दिवसभर तक्ते करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच नजरेने बापाकडे बघायचा. बाबा त्याला जोखीमसाहेब म्हणत. "जोखीमसाहेब, मी जिना उतरतोय. खाली कुणाला तरी झेलायला उभं करा."

फाटकाच्या खांबाला बाबांनी गाडी घासली तेव्हापासून मुलाचा एकच धोशा होता: आता गाडी सोडा. बाबांचं उत्तरही एकच होतं: "आणि तुझी आई?"

आई पुलापलीकडे होती. तिला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा अलीकडे कुठल्याच शुश्रूषा केंद्रात खाट मिळेना. पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या देशात, मिळाली. अंतर फार नव्हतं. पण अलीकडची बस पुलाच्या अलीकडे थांबे, पलीकडची पलीकडून सुटे, आणि दोन्ही सरकारांनी वेळापत्रकं अशी आखली होती की एकीचं तोंड दुसरीने पाहू नये. बाबा दिवसाआड गाडीने जात. आई खिडकीशी खुर्चीत बसून वाट बघे. तिचे शब्द गेले होते, उजवा हात गेला होता. जे काही सांगायचं ते ती डाव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजवून सांगे. बाबांना उशीर झाला की ती बोटं बराच वेळ वाजत राहतात, असं तिथल्या परिचारिकेने सांगितलं होतं.

"माझ्या हातात किल्ली आहे तोवर ती एकटी नाही," बाबा म्हणत. यावर मुलगा पुन्हा तक्त्यांत डोकं घाली.

पुलावर देश बदले तसं मापही बदले. अलीकडे किलोमीटर, पलीकडे मैल. पुलाच्या मध्यावर एक पाटी होती, तिच्या एका अंगाला 'येथून पुढे मैल' आणि दुसऱ्या अंगाला 'येथून पुढे किलोमीटर'. दोन्ही देशांनी मिळून केलेली ही एकमेव गोष्ट, आणि तीही एकमेकांना पाठ लावून. गाडी पलीकडूनच जुनी घेतलेली होती, विजेवर चालणारी, मांजरासारखी बिनआवाजी. तिला काटा नव्हता. स्टिअरिंगमागे एक मोठा आकडा उजळे आणि त्याच्याखाली तिळाएवढ्या करड्या अक्षरांत मैल की किलोमीटर ते लिहिलेलं असे. डावीकडचं बटण दाबलं की एकाचं दुसरं होई.

बाबा निवृत्त वजनमाप निरीक्षक. दुकानोदुकानी तराजू तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे त्या आकड्यालाही ते 'काटा'च म्हणत आणि त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरापेक्षा जास्त विश्वास होता. खालची अक्षरं मात्र त्यांनी कधी वाचली नाहीत. जाताना बटण दाबायचं, येताना दाबायचं, मग वाचायचं कशाला? "एकदा शिक्का मारला की गिऱ्हाईक रोज वजनं तपासत बसत नाही," हे त्यांचं शास्त्र.

पूर्वी आई पलीकडच्या बाजाराला म्हणून सोबत असे. ती कायम मागे बसे, कारण पुढे बसलं की ह्यांचं चालवणं दिसतं, असं तिचं म्हणणं. पूल आला की बाबांच्या सीटच्या पाठीवर ती दोन बोटांनी टकटक करी. म्हणजे दाबा. बाबा भाव, राजकारण, शेजारी यांपैकी कशात तरी रंगलेले असत. पण टकटक झाली की अंगठा आपोआप बटणावर जाई. बोलणं तुटत नसे.

मग ती शुश्रूषा केंद्रात राहायला गेली. तेव्हापासून बाबा आपलं आपण आठवून दाबत. एकदा विसरले. मुलगा तेव्हा शेजारी होता. पलीकडे पन्नासची पाटी, डिस्प्लेवरही पन्नास, पण किलोमीटर. आणि मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची वरात. "लोकांना काय घाई असते बघ," बाबा म्हणाले. मुलगा मागच्या काचेतून ती वरात बघत राहिला. माणूस जोखीम विभागातला. प्रसंग दिसला की त्यातून निष्कर्ष काढणं हा त्याचा धंदा.

परीक्षेच्या सकाळी केंद्रावर पोहोचल्यावर तो काच पुसून येतो म्हणून गाडीकडे गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात फडकं नव्हतं. हे सुनेने पाहिलं. पण नवरा स्वतःहून काच पुसतो हेच इतकं नवल होतं की फडक्यापर्यंत तिचा विचार पोहोचला नाही.

परीक्षक बाबांच्या शेजारी येऊन बसला आणि गाडी सुरू व्हायच्या आत त्याने खिडकीवरचं हँडल धरलं. एका हातात हँडल, मांडीवर टॅब, गालात खोकल्याची गोळी. ही त्याची रोजची बैठक असावी.

"आजोबा, घाबरायचं नाही हं."

"आजोबा व्हायला नातू लागतो, साहेब. तो आमच्या चिरंजीवांच्या तक्त्यात बसत नाही."

मागे सुनेने खिडकीबाहेर पाहिलं. याला उत्तर होतं, पण नियम होता.

"बरं, काका. घाबरायचं नाही."

"हँडल तुम्ही धरलंय."

परीक्षक खोकला. "एक सांगून ठेवतो. वेग मी डिस्प्लेवरून लिहिणार. पूर्वी आम्ही आपले अंदाजाने लिहायचो. मग कुणीतरी तक्रार केली. आता खात्याचं परिपत्रक आहे. परीक्षकाला काय वाटतं ते धरायचं नाही, डिस्प्लेवर काय दिसतं ते धरायचं."

"उत्तम नियम," बाबा म्हणाले. "माणसाचा काय भरवसा? काटा सांगेल ते खरं."

आवारात वीसची पाटी होती. बाबांनी आकडा बरोबर वीसवर आणला, आणि फाटकावरचा पहारेकरी हातातला पेला सांभाळत एकदम भिंतीला टेकला. प्रतीक्षागृहाच्या खिडकीत मुलगा उभा होता. गाडी वळली तेव्हा सुनेला त्याचा चेहरा ओझरता दिसला. टपालपेटीत पत्र टाकल्यावर पत्ता चुकल्याचं आठवावं, तसा.

पहिला रस्ता वस्तीचा. तिसाची पाटी, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मधून एका गाडीची वाट. सुनेला समोरचा आकडा दिसत नव्हता. बाबांचा खांदा मध्ये होता. दिसत होते ते उभ्या गाड्यांचे आरसे, आणि ते नेहमीपेक्षा लवकर मागे पडत होते. एक बाई गाडीचं दार उघडता उघडता थबकली आणि तिने ते पुन्हा ओढून घेतलं.

"जरा जोरात वाटतंय," परीक्षक म्हणाला.

"वाटतं ते धरायचं नाही ना?"

परीक्षक वाकला. "अठ्ठावीस," त्याने वाचलं, आणि टॅबवर 'वेग योग्य' या रकान्यात खूण केली. मग हँडलवरची पकड बदलून अंगठाही आत घेतला.

सुनेच्या मांडीवर फोन थरथरला. सोबत्याने बोलायचं नाही असा नियम होता. वाचायचं नाही असं कुठे म्हटलेलं नव्हतं; नियम झाला तेव्हा फोन भिंतीला असत.

'बाबा हळू चाललेत ना?' नवऱ्याचा निरोप.

'नाही,' तिने लिहिलं.

'किती हळू?'

'अरे नाही म्हणतेय. जोरात.'

 तो काहीतरी लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. तेवढ्यात वस्ती संपली, रस्ता रुंद झाला, पन्नासची पाटी आली आणि बाबांनी पाय दाबला. गाडीने आवाज केला नाही. फक्त सुनेची पाठ सीटला चिकटली आणि दोन्ही बाजूंची झाडं एकत्र होऊन हिरवा पट्टा झाला.

"उतार असेल," परीक्षक स्वतःशीच म्हणाला. तो पुन्हा वाकला. "अठ्ठेचाळीस." दुसरी खूण. ही खूण रकान्याच्या बाहेर गेली.

"पन्नासला दोन कमी ठेवतो मी नेहमी," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाला जरा झुकतं माप द्यावं."

फोन थरथरला.

'डिस्प्ले मैलात आहे.'

'कशावरून?'

'मी केला. सकाळी.'

ती ते वाचत होती तोवर पुढचं आलं.

'मला वाटलं हळू जातील आणि फार हळू म्हणून नापास करतील. कुणाला इजा नाही काही नाही. मागे एकदा पलीकडे बटण विसरले तेव्हा हळूच गेले होते ना'

'ते तिकडे रे!!'

'हो. आत्ता लक्षात आलं. उलटं होतं.'

आणि लगेच: 'काहीतरी कर. पण बोलू नकोस.'

सून इस्पितळाच्या औषध विभागात होती. आकड्याच्या पुढची अक्षरं वाचणं हाच तिचा पगार. कुणी डॉक्टरने नुसतं 'पाच' लिहिलं तर ती वरच्या मजल्यावर फोन करून 'पाच काय?' विचारायची, कारण पाच थेंब की पाच चमचे, यात एका माणसाचा फरक असतो. म्हणून हिशोब तिला करावा लागला नाही, तो आपोआप झाला. अठ्ठेचाळीस मैल म्हणजे सत्त्याहत्तर. पन्नासच्या रस्त्यावर. आणि ज्याने हे केलं तो माणूस कंपनीत अपघातांचे अंदाज बांधायचा पगार घेतो आणि रात्री तिच्या शेजारी घोरतो.

आता तिने तोंड उघडलं तर बाबा नापास. वर्षभर किल्ली खुंटीवर आणि आई खिडकीत. नाही उघडलं तर—

"पुढच्या चौकातून डावीकडे," परीक्षक म्हणाला. "बायपासला घ्यायची."

बायपासला ऐंशीची पाटी होती. बाबा त्यातले दोन कमी ठेवणार होते. सुनेच्या डोक्यात नवा आकडा उभा राहिला, आणि बायपासचं पहिलंच वळण.

ती खोकली.

परीक्षकाने मागे न बघता खोकल्याच्या गोळीचं पाकीट खांद्यावरून पुढे केलं. "घ्या. सध्या साथच आहे."

तिने गोळी घेतली. न घेणं संशयास्पद दिसलं असतं.

मग तिने आरशात बघितलं. बाबा परीक्षेसाठी म्हणून सारखे आरशात बघत होते, तशी नजरानजर झाली. तिने डोळे मोठे केले. भुवया वर नेल्या. हनुवटीने डिस्प्लेकडे खूण केली. बाबांना वाटलं, पोर माझ्यासाठी घाबरलीय. त्यांनी डोळे मिटून, मान हलवून तिला धीर दिला. या वेगाने जाताना डोळे मिटून. तिच्या तोंडातली गोळी कडकन फुटली.

आणि तेव्हाच तिला दूरवर पिवळा रंग दिसला. रस्ता सरळ होता, म्हणून लांबून दिसला. पिवळं जाकीट घातलेली एक बाई, हातात 'थांबा'ची गोल पाटी, फुटपाथच्या कडेला उभी. तिच्या मागे दोरी. दोरीला एका हाताने धरून उभी असलेली बालवाडी, आठ-दहा पोरं, कुणाची टोपी डोळ्यांवर आलेली. बाईने येणाऱ्या गाडीकडे पाहिलं. पन्नासच्या रस्त्यावर गाड्या किती वेळात पोहोचतात हे तिला रोजच्या सवयीने माहीत होतं. तिने पाटी उचलली आणि खाली पाऊल टाकलं.

सुनेचं तोंड उघडलं. 'बाबा' हा शब्द जिभेवर पूर्ण तयार होता.

पण बाबांना 'बाबा' म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी "हो गं" म्हणून मागे पाहिलं असतं. त्यांचं ते नेहमीचंच. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा माणूस.

तिने हात पुढे केला आणि सीटच्या पाठीवर दोन बोटं आपटली. टक टक.

बाबांच्या पाठीतून काहीतरी सर्रकन गेलं. ते तिला सीटवरून कळलं. इतक्या दिवसांत त्या जागी कुणी वाजवलं नव्हतं. ते वळले नाहीत. इथे पूल नाही, हेही त्यांच्या मनात आलं नसावं. अंगठा गेला आणि बटण दाबलं गेलं.

समोरचा अठ्ठेचाळीस गेला. सत्त्याहत्तर उजळला.

बाबांनी ब्रेक दाबला तो आधी आकड्यासाठी. पिवळं जाकीट त्यांना त्यानंतर दिसलं, आणि मग त्यांनी पाय उचललाच नाही. टायर किंचाळले. ही एवढीच गोष्ट त्या बिनआवाजी गाडीला आवाजात करता येत होती. परीक्षकाचा टॅब काचेवर आपटून खाली गेला. पट्टा सुनेच्या खांद्यात रुतला. गाडी थांबली तेव्हा पांढरे पट्टे बॉनेटच्या पुढे होते. जेमतेम.

पिवळ्या जाकिटातली बाई पाटी धरून तशीच उभी राहिली. तिने काचेतून बाबांकडे असं पाहिलं की कुठल्याही देशातल्या माणसाला कळावं. मग तिने दोरी ओढली. पोरं गाडीकडे बघत बघत गेली. शेवटच्याने हात हलवला. बाबांनी उलट हात हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तिथून निघत नव्हते.

"बाजूला घ्या," परीक्षक म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

बाबांनी गाडी बाजूला घेतली. परीक्षकाने टॅब उचलला, पुसला, आणि पहिल्यांदा हँडल सोडलं.

"काका, आत्ता तिथे अठ्ठेचाळीस होते. मी वाचले. मग एकदम सत्त्याहत्तर कसे झाले?"

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि डिस्प्लेवर नाक टेकेपर्यंत वाकले. तिळाएवढी अक्षरं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

"सत्त्याहत्तरच होते," ते म्हणाले. "मी मैलात होतो."

"म्हणजे मघाचे अठ्ठावीस..."

"पंचेचाळीस. तिसाच्या रस्त्यावर."

परीक्षकाने डोक्याला हात लावला. "हे तुम्ही मला कशाला सांगताय?"

"तुम्ही विचारलंत. आणि साहेब, इतकी वर्षं दुकानं तपासली मी. आपण होऊन 'माझं माप खोटं होतं' म्हणणारा एकही दुकानदार मिळाला नाही. एकदा तरी बघायचा होता."

परीक्षक मागे वळला. "ताई, तुम्ही बोललात का काही?"

सुनेने नकारार्थी मान हलवली. हा प्रश्न म्हणजे सापळा असू शकतो, म्हणून तोंडाने नाही म्हणायचंही तिने टाळलं.

"ती बोलली नाही," बाबा म्हणाले. "तिने वाजवलं."

"वाजवण्याबद्दल नियम नाही," परीक्षक म्हणाला. मग तो टॅबकडे वळला. 'वेग योग्य' या रकान्यात त्याच्याच हातच्या दोन खुणा होत्या. खूण खोडायची तर कारण लिहावं लागे. कारणात असं लिहावं लागलं असतं की सत्त्याहत्तरने चाललेल्या गाडीत बसून परीक्षक 'योग्य' म्हणत होते. ते कारण वरच्या साहेबाकडे गेलं असतं, आणि वरचा साहेब वाचणारा होता.

"परिपत्रकाप्रमाणे," तो शेवटी म्हणाला, "डिस्प्लेवर मर्यादेबाहेरचा आकडा दिसला आणि तुम्ही ताबडतोब गाडी थांबवलीत. उत्तम प्रतिसाद. पास."

"आणि परिपत्रक बाजूला ठेवलं तर?"

"परिपत्रक बाजूला ठेवून मी कधी विचार केलेला नाही, काका. आणि आज सुरुवात करणार नाही. बायपास राहू द्या. हळूहळू परत घ्या."

परतीच्या वाटेवर गाडी बैलगाडीसारखी वाटत होती. मागच्या गाड्या ओलांडून पुढे जात होत्या. पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठेचाळीस हे इतकं हळू असतं, हे तिघांनाही नवीन होतं.

केंद्राच्या आवारात मुलगा धावत आला. त्याने आधी गाडीचं नाक बघितलं, मग बापाचं, मग बायकोचं तोंड बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. परीक्षक त्याच्या हातात शिक्का मारलेला कागद देऊन "वडील पास" एवढंच बोलला आणि भिंतीच्या आधाराने आत गेला.

"आता बोलू का?" सुनेने विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी मी." ते गाडीतून उतरले. उतरताना दार धरलं, जे ते एरवी धरत नसत. "परवा येताना पुलावर मी बटण दाबलं होतं. आज इथे येईपर्यंत आकडा नीट होता. मग काट्याला हात कुणी लावला?"

मुलगा खोटं बोलू शकला असता. गाडीच बिघडली म्हणाला असता, आणि लोकांचा गाड्यांवर कितीही विश्वास असला तरी हे पटतं. पण बायको बघत होती, आणि निरोप तिच्या फोनमध्ये होते.

"मी लावला."

"का?"

"तुम्ही नापास व्हावं म्हणून. हळू चाललात म्हणून. बाबा, मला वाटलं..."

"काटा मारणारे पुष्कळ पकडले मी," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "सगळे आपल्या फायद्यासाठी मारायचे. बापाच्या काळजीपोटी काटा मारणारा तू पहिला. आणि तोही उलटा मारलास. समोर पोरं होती रे. दोरीला धरून."

मुलगा खाली बसला. खरोखरच, आवाराच्या फरशीवर, ऑफिसच्या पँटसकट. सून त्याला उठवायला गेली नाही. तिला तो तसाच थोडा वेळ बसायला हवा होता.

 बाबांनी मुलाच्या हातातला कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला. मग दुसऱ्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"तुझा निष्कर्ष बरोबर होता," ते म्हणाले. "रीत हरामखोराची होती, पण निष्कर्ष बरोबर. मी खालची अक्षरं वाचत नाही. तिच्या बोटांवर चाललो इतकी वर्षं आणि स्वतःला निरीक्षक म्हणवत होतो." त्यांनी किल्ली पुढे केली. "घे."

मुलाने वर पाहिलं. हे तर त्याला हवंच होतं, पण हातात आल्यावर ते वेगळंच दिसत होतं.

"परवाना माझ्याकडे राहील. किल्ली तुझ्याकडे. दिवसाआड, जेवणं झाली की निघायचं. आजपासून."

"बाबा, दिवसाआड? माझं ऑफिस..."

"जोखीम विभागाला सांग, घरी मोठी जोखीम आहे. त्यांना कळेल. कळलं नाही तर तक्ता काढून दाखव."

"मी नेलं असतं एखाद्या दिवशी..." सून म्हणाली.

"तू नाही, सूनबाई. काटा याने मारलाय. दंड यालाच."

जेवून ते निघाले. मुलगा चालवायला, शेजारी सून, आणि मागे, आई बसायची त्या जागी, बाबा. पुढे बसलं की ह्याचं चालवणं दिसतं, असं म्हणून ते मागे बसले होते.  मुलाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. प्रत्येक चौकात तो दोनदा थांबे, एकदा दिव्यासाठी आणि एकदा मनाचं समाधान म्हणून. पूल आला. मध्यावरची पाटी आली आणि मागे गेली. पलीकडे रस्ता तोच, झाडं तीच. फक्त पन्नासची पाटी आली, तिच्यातले पन्नास वेगळे. मुलाने आकडा नेमका पन्नासवर ठेवला.

मागे एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग वरात.

"काय घाई असते या लोकांना," मुलगा पुटपुटला.

सुनेने तोंड उघडलं. आरशात बाबांनी ओठांवर बोट ठेवलेलं तिला दिसलं, तेव्हा तिने ते मिटलं. हॉर्न वाढत गेले. एक ट्रक बाजूने गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.  शुश्रूषा केंद्र अजून दोन वळणं पुढे होतं, आणि तिथल्या खिडकीत कुणाची तरी दोन बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजायला लागली असणार.

बाबा पुढे वाकले. मुलाच्या सीटच्या पाठीवर त्यांनी टकटक केलं.

मुलगा दचकला. मग त्याचा अंगठा चाचपडत बटणाकडे गेला. पन्नास गेले, एकतीस आले. मागचे हॉर्न तसेच वाजत होते.

"आता वाच," बाबा म्हणाले. "आकडा नको. त्याच्याखालचं."